साडूच्या स्ट्रायकरविरुद्ध पाच जण

दातांच्या लॅबमधला तो जुना कारागीर. त्याने केलेला दात खरा की खोटा, हे तोंडवाल्यालाही विसरायला होई. हात सोन्याचे, पण माणूस कडू, आणि सगळ्यात कडू साडूशी. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा सहा वर्षांपूर्वी बेकार होता, तेव्हा कारागिरानेच त्याला लॅबमध्ये चिकटवलं आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

दात घडवायची टेबलं दोनच. एक खिडकीपाशी, स्वच्छ हवेत. दुसरं कोपऱ्यात, घासायच्या मशीनला खेटून, जिथे दिवसभर पांढरी पूड उडे. "त्या कोपऱ्यातून उठा, नाहीतर छाती कामातून जाईल," असं डॉक्टरांनी कारागिराला स्पष्ट बजावलं होतं. पण खिडकीवरून दोघांची इतकी जुंपायची की शेवटी मालकच वैतागला. "दोघंही मोबाइलवर तो फॅन्टसी फुटबॉल खेळता ना? हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त, त्याची वर्षभर खिडकी. आता माझं डोकं खाऊ नका!" लागोपाठ दोन वर्षं साडू जिंकला होता.

तिसऱ्या वर्षी कारागीर हट्टाला पेटला. खेळात शंभर कोटींचं खोटं बजेट मिळतं, त्यात पंधरा खेळाडू घ्यायचे; खऱ्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. साडूने नेहमीप्रमाणे पुढे गोल मारणारे तीन स्ट्रायकर लावले, त्यातल्या एकट्यावर पंधरा कोटी उधळले आणि मागे स्वस्तातली भरती केली. याने उलट केलं. मागे पाच बचावपटू, मधे चार, पुढे एकच, आणि पैसा सगळीकडे सारखा.

"त्याच्यासारखी उधळपट्टी नाही माझी," तो बायकोला म्हणाला.

"छातीसाठी खेळताय की त्याच्या नाकावर टिच्चून?"

"दोन्ही!"

आणि जमलं की! फेब्रुवारीपर्यंत तो चाळीस गुणांनी पुढे होता. मग एका शनिवारी साडूच्या त्या महागड्या स्ट्रायकरने एकाच सामन्यात तीन गोल ठोकले. सोमवारी साडूने सगळ्या लॅबला चहा पाजला. याच्यापुढेही कप आणून ठेवला. याने तो बेसिनमध्ये ओतला.

तिथून याची मती फिरली. त्या स्ट्रायकरचा पुढचा सामना ज्या संघाशी, त्याच संघाचे तीन बचावपटू तो दर आठवड्याला विकत घेऊ लागला. गोल अडवला की आपल्याला गुण, आणि साडूचं तोंड काळं! आठवड्याला एक बदल फुकट असतो; वरच्या प्रत्येक बदलाला चार गुण कापतात. म्हणजे दर आठवड्याला आठ गुण हा स्वतःच्या हाताने फेकत होता. त्याला ते दिसत नव्हतं असं नाही. पण सामना बघताना तो आपल्या संघाकडे बघतच नसे. त्या स्ट्रायकरचा पाय घसरला की याला जेवण गोड लागे.

हंगाम संपला. रिसेप्शनवरच्या मुलीने मोबाइलवर गुण वाचले. साडू एकोणीस गुणांनी पुढे.

"काका, एक सांगू?" ती म्हणाली. "शेवटच्या अकरा आठवड्यांत तुमचे नुसत्या बदलांपायी अठ्ठ्याऐंशी गुण कापले गेलेत. जुन्याच टीमचे गुण मी जुळवून पाहिले. तिला हात लावला नसतात तर तुम्ही आरामात जिंकला असतात."

लॅबमध्ये कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

साडू खिडकीपासून उठून आला. "दादा, तुम्ही बसा तिकडे. मालकांशी मी बोलतो. गेल्या वर्षीच म्हणणार होतो, पण तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हता."

त्याने साडूच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा शोधला, कुत्सित हसू शोधलं. काही सापडेना. तो मनापासूनच बोलत होता, आणि हे तर त्याला मुळीच सोसवेना.

"तुमची भीक नकोय मला," तो म्हणाला.

कोपऱ्यात जाऊन त्याने मशीन सुरू केली. पूड उडाली तशी खोकल्याची उबळ आली. ती त्याने साडूकडे पाठ करून, बाही तोंडात कोंबून दाबली, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.