टॉवरखालची हाक

समस्त मुंबईकरांना कळवण्यास अत्यंत गंभीर आनंद होतो की, दिवाळीच्या सुट्टीत मी आपल्याच शहराच्या पर्यटनाला निघालो. लालबागच्या एका टॉवरकडे तोंड वासून बघत होतो. नुसती काच, उघडणारी खिडकी एकही नाही! शेजारी मालवणहून आलेले एक म्हातारे गृहस्थही वर बघत होते. हातात सुक्या बांगड्यांची पिशवी. जुन्या चाळीतला त्यांचा मित्र आता इथेच, वर कुठेतरी, अंथरुणाला खिळला होता, असं ते म्हणाले.

वॉचमनने इंटरकॉम ठेवला. "काका, घरवाले मना करते हैं."

म्हाताऱ्यांनी काही वेळ पिशवीची गाठ नुसतीच चाचपली. मग चाळीखालून हाक मारतात तसे दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, "बाबल्या, मी इलंय रे! खिडकी तरी उघड!"