मंदीच्या खाटेवरचा खोपा

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागून नाही राहिलं, म्हणून तुम्हालाच सांगते.

सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात आज माझ्या नातीला विहिरीपाशी पडलेला सुगरणीचा खोपा सापडला. तो घेऊन ती माझ्या बाबांकडे धावली. "आबाजी, हा कोणं बनवला?"

ऐंशीच्या दशकात याच विहिरीवर बाबा आम्हा दोघी बहिणींना खोपे दाखवायचे. "पाय, सापाले शिरता येऊ नये म्हणून तोंड खालतून. वाऱ्यानं हलू नये म्हणून आत चिखल. पाखराले हे देवानंच शिकवलं."

माझी धाकटी बहीण मंदी जरा चालली की तिचे ओठ निळे पडत. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. बाबांनी एक रिकामा खोपा आणून तिच्या खाटेवर टांगला. जो देव पाखराची एवढी काळजी घेतो, तो आपल्या पोरीचीही घेईल, असं त्यांना वाटायचं.

मंदीला सहावं लागलं आणि ती गेली. तिला मातीत ठेवताना बाबांनी तो खोपा तिच्या उशाशी ठेवला. त्यानंतर देवाची कारागिरी त्यांनी कोणालाच दाखवली नाही.

आज त्यांनी खोप्याच्या आतून बोट फिरवलं. वाळका चिखल बोटाला लागला.

"देवानंच बनवला, बेटा," ते नातीला म्हणाले.

मग माझ्याकडे पाहून म्हणाले,

"एवढुशा खोप्यात त्यानं एक फट नाही ठेवली व माय."