उलाळ गाडी

मी इंजिनिअर झालो तो आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंमुळे. दहावीनंतर मला किराणा दुकानात लावायचं ठरलं होतं. बाई घरी आल्या आणि वडिलांचा शब्द घेऊनच उठल्या. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

२०१३ साली सिंगापूरला, तुआसमधल्या एका छोट्या कारखान्यात लागलो. कारमागे जोडायच्या लहान कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या झोपायच्या खोल्या, आम्ही बनवायचो. एका गिऱ्हाइकाला जुन्या घाटाची हवी होती, म्हणून साहेबांनी मला तिचा इतिहास वाचायला बसवलं. पूर्वी हौशी लोक असली घरं घोडा जुंपून फिरवत. मोटारी आल्यावर ती मोटारीमागे आली, पण उंच, चौकोनी, वाऱ्यात डोलणारी. मग थेंबाच्या आकाराची बुटकी निघाली. लोक ती घरीच प्लायवूडने ठोकत. आत फक्त गादी, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर.

आमचीही तशीच झाली. फक्त साहेबांनी अगदी मागे, ओट्याखाली, पाण्याची मोठी टाकी बसवून घेतली. चाचणीच्या सकाळी टाकी भरल्यावर मी जोडायची दांडी उचलून पाहिली. ती एका हाताने वर आली. हे साहेबांना सांगायलाच हवं होतं.

माझा तिथे नोकरी करायचा पास संपत आला होता आणि तो वाढवणं साहेबांच्या हातात होतं. सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटमध्ये बायको सातव्या महिन्यात होती.

"सर, गाडी उलाळ आहे."

"काय आहे?" साहेब पुण्याचे.

"मागे जड. बैलगाडीचं असं झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं."

"बैल कुठे दिसतायत रे तुला इथे?"

म्हातारे चिनी ड्रायव्हर, आम्ही त्यांना अंकल म्हणायचो, कारच्या खिडकीतून ओरडले, "कॅन गो ऑर नॉट, लाह?"

"अंकलना नका पाठवू, सर. वेगात ही शेपूट हलवेल."

"अस्सं? मग मी चालवतो. तू बस शेजारी."

नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. रस्ता मोकळा होता. सुरुवातीला गाडी नीट चालली. "बघ," म्हणत साहेबांनी वेग वाढवला. आरशात कॅरॅव्हॅन एका बाजूला गेली, मग दुसऱ्या, मग आणखी लांब. आमची कारही तिच्यामागे खेचली जाऊ लागली.

"ब्रेक नको! नुसता पाय काढा, सर!"

कशीबशी थांबलो. साहेब खाली उतरले. "टाकी पुढे घ्या," एवढंच म्हणाले, माझ्याकडे न बघता. पासबद्दल विचारायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

"ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

आज गाडीत मरता मरता वाचलो. साहेबांना आधीच सांगितलं होतं, ते त्यांना लागलं आहे. पास वाढेल की नाही, माहीत नाही. भीती अजून गेलेली नाही. नाही वाढला तर आम्ही बाळंतपणाला गावीच येऊ. तेव्हा परत का आलो ते वडिलांना तुम्हीच सांगा. माझ्याने सांगवणार नाही.

तुमचा विद्यार्थी"