बेंजोसाठी सोडलेली जागा

शिवाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाईला मुलीकडे होतो. फोन दत्ताचा; आमच्या गावच्या बेंजो पार्टीत तो बेंजो वाजवतो. "गुरुजी, सुभेदार गेलं… झोपेतच," एवढंच म्हणाला. बस मिळून गावी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याचा चेहरा शेवटचा बघायला मिळाला नाही, याची रुखरुख अजून आहे.

शिवाजी माझा शाळेपासूनचा मित्र. तो पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला गेला आणि सुभेदार झाला, मी मास्तर झालो. पेन्शनवर आल्यावर लोक ऊस लावतात; हा पठ्ठ्या पुस्तकं गोळा करू लागला. गावच्या वाचनालयात जगभरच्या लोकांच्या गाण्या-वाजवण्याचं एक कपाट करायचं, नवख्याला समजेल असं, हे त्याच्या मनानं घेतलं. "आपली पोरं वरातीत वाजवत्यात, पण ढोलाला भाऊबंद किती हायती ते त्यास्नी ठावं न्हाई," असं तो म्हणे. पुण्या-सांगलीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मला घेऊन हिंडायचा, कारण इंग्रजी वाचायला मी. आधी संगीताचा शब्दकोश, मग वाद्यांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक, मग कुठल्या मुलखात काय गातात ते. गायकांची चरित्रं अगदी शेवटी. "चरित्रानं माणूस कळतो गड्या, गाणं न्हाई." मी एखादं चरित्र उचललं की तो ते काढून घेऊन परत ढिगावर ठेवायचा. यावरून आमची दरवेळी जुंपायची.

वाद्यांचं पुस्तक मिळालं तेव्हा त्यानं दत्ताला मुद्दाम बोलावून बेंजोचं पान उघडून दिलं. दत्ता बराच वेळ बघत राहिला. "आवं सुभेदार, ह्यो तर डफाला दांडा लावलाय." खरंच, ते अमेरिकेतलं गोल तोंडाचं वाद्य होतं. आमच्याकडचा बेंजो म्हणजे आडवी पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. नाव एकच, वाद्य वेगळं. "मग आपला कुठं हाय?" शिवाजीनं मागची सूची मला दोनदा चाळायला लावली. नव्हता. "जगाचं पुस्तक म्हणालासा न्हवं?" एवढं बोलून दत्ता गेला. शिवाजीला ते फार लागलं. त्यानंतर दुकानात तो प्रत्येक पुस्तक मागच्या सूचीकडून उघडायचा. कपाटाच्या मधल्या खणात त्यानं एका जाड पुस्तकाएवढी जागा मोकळी सोडली, आपल्या बेंजोसाठी. तिथे कोणी दुसरं काही सरकवलं तर चिडायचा. असं पुस्तक कुणी लिहिलेलंच नसेल, असं मी एकदा म्हटलं. "मग कपाट अर्धवटच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

वाचनालयात हल्ली पोरं येतात ती भरतीच्या अभ्यासाला. त्यांनाही पुस्तकं हवीत, हे मला कळतं. पण तेरावं होतं न होतं तोच अध्यक्षांनी त्या मोकळ्या जागेत पोलीस भरतीचं गाईड बसवलं… मग त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं. बघता बघता सगळं संगीत पोत्यात गेलं. वर पुन्हा कपाटाच्या दारावर 'कै. सुभेदार शिवाजीराव स्मृती विभाग' असं रंगवायला घेतलं आणि वहिनींना, म्हणजे शिवाजीच्या पत्नीला, सत्काराला बोलावलं. माझा संताप झाला. पोत्यांचं मी वहिनींना वाटेतच सांगितलं.

शाल आणि नारळ हातात पडल्यावर वहिनी उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. खाकी टोप्यांची चित्रं असलेली चकचकीत गाईडं ओळीनं लावलेली होती. "ह्यातलं त्यांचं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, नाव दिलंय की कायमचं," अध्यक्ष म्हणाले.

"मग नाव पुसा. येनाऱ्याला वाटंल, आमच्या मालकांनी हीच पुस्तकं जमवली."

कोणी हलेना. नाव रंगवून बाजूला उभ्या असलेल्या रंगाऱ्याच्या हातातलं फडकं मी घेतलं. रंग ओलाच होता, दोनदा पुसताच निघाला. अभ्यासाची पोरं माना वर करून बघत होती. वहिनींनी शाल आणि नारळ टेबलावर ठेवला, पदर सावरला आणि अध्यक्षांना विचारलं, "पोती कुठं ठेवल्यात?"