बोलणारा कॉम्प्युटर आणि नवा प्रोसेसर

ओळ वाचता वाचता आवाज मधेच थांबला आणि मी हात की-बोर्डवर तसेच ठेवून बसले.

मला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मला काही उपयोग नाही. स्क्रीनवर जे असेल ते एक प्रोग्राम मराठीत वाचून दाखवतो आणि मी त्या आवाजाच्या मागोमाग चालते. तो आवाज मी इतका भरभर लावलेला असतो, की माझी माय म्हणते, हे तर कढईत लाह्या फुटल्यासारखं वाजतंय. मला मात्र त्यातला काना-मात्रा कळतो. तो थांबला की माझ्यापुढचं सगळं नाहीसं होतं. मी कुठल्या ओळीत आहे, काय खोडलं, काय राहिलं, काहीच कळत नाही.

त्या दिवशी मला वाटलं आवाज आता येईल, म्हणून मी दोन-तीन कळा दाबल्या. काहीच झालं नाही. मग पुन्हा दाबल्या. थोड्या वेळानं मशीनला जाग आली आणि अडकून पडलेल्या सगळ्या कळा एकदम चालल्या. हृदयाच्या झडपांवरचा सबंध परिच्छेद पुसला गेला.

हे आता रोजचंच झालं होतं. लातूरच्या एका शिकवणीवर्गासाठी मी काम करते. तिथले सर जीवशास्त्र शिकवतात, त्याचं रेकॉर्डिंग मला नांदेडला घरी येतं आणि मी ऐकून त्याच्या नोट्स तयार करते. यंदा वर्गानं सगळ्यांना नवा प्रोग्राम दिला. त्यात रेकॉर्डिंग टाकलं की कच्चा मजकूर तोच काढतो, आपण फक्त चुका सुधारायच्या. चुका भरपूर असत. पेशींचे पैसे होत, पटलाचा पाटील होई. तरी काम हलकं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. तो प्रोग्राम चालू झाला की माझा जुना प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, सगळा त्यालाच लागे आणि मला वाचून दाखवणाऱ्या आवाजाला काही उरत नसे.

हे काम मला माझ्या मैत्रिणीमुळे मिळालेलं. कॉलेजात परीक्षेला ती माझी लेखनिक होती. मी सांगायचे, ती लिहायची. आता ती त्या वर्गाच्या ऑफिसात आहे. तिचा फोन आला तेव्हा तिचा स्वर वेगळाच लागला.

"अगं, बाकीच्यांच्या नोट्स येऊन राहिल्या. तुझ्याच मागं पडल्या. सर विचारून राहिले, की दुसऱ्या कुणाला द्यायचं का."

"तू काय सांगितलं?"

"काय सांगू? म्हणलं, मशीनचा प्रॉब्लेम हाय. पण किती दिवस सांगू?"

मी इथल्या वजिराबादेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं माझ्या मशीनची माहिती ऐकून घेतली आणि सरळ सांगितलं, "ताई, सगळंच नवं घ्या. बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, विंडोज. पाच-सहा वर्षं बघायचं काम नाही."

दुसऱ्या कुणाला हा सल्ला पटला असता. माझी अडचण वेगळी होती. माझा मराठी आवाज ज्या कंपनीचा, ती केव्हाच बंद पडली आहे. मागे एका दुकानात मशीन दुरुस्तीला दिलं तर त्यांनी न विचारता सगळं पुसून कोरं करून दिलं. मला तो आवाज परत बसवून घ्यायला फार फिरावं लागलं. नव्या विंडोजवर तो चालेल याची खात्री कुणीच देईना. दुसरे मराठी आवाज आहेत, मी ऐकून पाहिलेत. वेग वाढवला की त्यांचे शब्द एकमेकांत मिसळतात आणि र्‍हस्व-दीर्घ ऐकूच येत नाही. त्या आवाजावर नोट्स तपासायच्या म्हणजे बोटांवर जाड हातमोजे घालून ब्रेल वाचण्यासारखं.

तिसरी वाट मला आम्हा अंधांच्या फोनवरच्या गटातल्या एका इंजिनिअरनं सांगितली. माझ्या बोर्डावर, म्हणजे प्रोसेसर जिच्यात बसतो त्या मुख्य पाटीवर, त्याच जागेत नंतरच्या पिढीचा, बराच ताकदवान प्रोसेसर बसू शकतो. विंडोज तसंच राहील, आवाज तसाच राहील. अट एकच. आधी बोर्डाच्या आतला मूळ प्रोग्राम, ज्याला बायोस म्हणतात, तो नवा करावा लागेल. ते चालू असताना वीज गेली, तर बोर्ड कायमचा जाईल. आणि ते सगळं विंडोज सुरू होण्याआधीच्या स्क्रीनवर होतं, जिथे वाचून दाखवणारा आवाज नसतोच.

दुकानदार म्हणाला, "प्रोसेसर मी घरी येऊन बसवून देतो. पण बायोसची जिम्मेदारी माझी नाही. तुमच्या भागात लाईटचा भरवसा नाही, अन् बोर्ड गेला तर तुम्ही मला बोलणार."

तो खोटं बोलत नव्हता. मला राग आला तो त्याच्यावर नाही, स्वतःच्या भीतीवर.

घरी वेगळीच कटकट सुरू झाली. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, अर्धा आठवडा भोकरजवळच्या गावी शेतात आणि अर्धा नांदेडला असतात. ते म्हणाले, "नवंच घेऊ. कशाला खामोखा जुन्याला हात लावायचा?"

"दादा, नव्यात आवाज नाही चालला तर?"

"दुसरा आवाज लाव. आवाजात काय हाय?"

लहानपणापासून त्यांचं असंच. मी रस्ता ओलांडायला निघाले की ते दंड धरायचे, मनगट नाही, दंड. मी पडेनच असं गृहीत धरून. माझ्या कामात मात्र त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं. खोलीत आले तरी दारातच उभे राहायचे. पोरीचं काहीतरी चाललंय, एवढंच.

मला ठरवता येईना. काहीच करू नये तर काम जाणार. सगळं नवं घ्यावं तर हाताशी असलेला आवाज जाणार. तिसरं करावं आणि फसलं तर कॉम्प्युटरही नाही, कामही नाही. जेवताना, कपडे घडी करताना, झोपेत सुद्धा डोक्यात हेच. शेवटी एका सकाळी तो आवाज एका वाक्यात चारदा अडकला आणि मी तिथेच दुकानदाराला फोन लावला. "प्रोसेसर मागवा," म्हटलं. "बायोस मी करते."

ठरलं असं, की माझ्या मैत्रिणीनं लातूरहून व्हिडिओ कॉलवर माझी स्क्रीन बघायची आणि मला वाचून दाखवायची. मी फोनवरच्या वाचणाऱ्या अ‍ॅपनं आधी प्रयत्न केला होता. ते स्क्रीनच्या चमकेत काहीतरी भलतंच वाचत होतं. माणूसच हवा होता.

दुपारची वेळ निवडली. आमच्याकडे त्या वेळी लाईट सहसा राहते. कॉम्प्युटरला छोटा बॅटरीचा डबा होता, तो आधी वायर काढून तपासला. थोडा वेळ तग धरत होता. फोन पिठाच्या डब्याला टेकवून स्क्रीनसमोर उभा केला.

"दिसतंय का?"

"दिसतंय. कर चालू," मैत्रीण म्हणाली.

मी मशीन परत सुरू केलं आणि डिलीटची कळ दाबत राहिले. रोज इथे थोड्या वेळात माझा आवाज येतो. आज येणार नव्हता, हे माहीत असूनही मी कान लावून बसले होते.

"काळं-निळं पान आलंय. डावीकडं यादी हाय," ती सांगत गेली. ती वाचायची, मी बाणाच्या कळा दाबायचे. वर, खाली, एक खाली. आमचं जुनंच काम होतं हे, फक्त आता वाचणारी ती होती आणि लिहिणारी मी. नव्या बायोसची फाईल ठेवलेला पेन ड्राइव्ह यादीत सापडला. त्यात दोन फायली होत्या, एक माझ्या बोर्डाची आणि एक जवळच्याच दुसऱ्या मॉडेलची, जी मी चुकून उतरवून ठेवली होती.

"आता नीट वाच," मी म्हटलं. "शेवटचा आकडा कोणता?"

"थांब, शेवटचा..." आणि तिचा आवाज तुटला. एकदा घरघर झाली, मग कॉल बंद.

पुन्हा लावला. लागेना. तिसऱ्यांदाही लागला नाही. कुठल्या फायलीवर मी उभी आहे, मला माहीत नव्हतं. मागे फिरायचं कसं, तेही आठवेना, कारण कोणती कळ दाबली तर काय होईल याचीच धास्ती.

"माय!" मी हाक मारली. माय शेजारी गेली होती. ओट्यावरून दादा आले आणि दारात थांबले.

"काय झालं?"

"दादा, आत या. स्क्रीनवर काय आहे, वाचून सांगा."

"इंग्रजी हाय की हे."

"अक्षरं तर येतात ना? एकेक सांगा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यांच्या अंगाचा घाम आणि तंबाखूचा वास अगदी जवळ आला.

"एक ओळ उजेडात हाय, दुसरी न्हाई."

"उजेडातली वाचा. शेवटचा आकडा."

"तीन." ते थांबले. "न्हाई, आठ. थांब, चष्मा आणतो."

ते गेले आणि आले. मी कळांवरून हात उचलून मांडीवर ठेवले, चुकून धक्का लागू नये म्हणून.

"आठ हाय. पक्का आठ. खालच्यात तीन."

मला आठच हवा होता. मी एंटर दाबलं.

"लाल चौकट आली. त्यात लई लिहिलंय. खाली दोन डब्या. एकात वाय, ई, एस. एकात एन, ओ. उजेड एनवर हाय."

मी बाण दाबला. "आता?"

"वायवर गेला." मग हळूच, "हे दाबलं की मागं येता येतं का?"

"नाही."

"आन् लाईट गेली तर?"

"तर गेलं सगळं."

त्यांची खुर्ची करकरली. मला वाटलं आता म्हणतील, राहू दे, नवं घेऊ. माझंही बोट उचलत नव्हतं. ते म्हणाले असते तर मी कदाचित ऐकलंही असतं.

"तुला बराबर वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय."

"मग दाब."

मी दाबलं.

"पट्टी आली. सरकून राहिली. बारा... पंधरा..." ते आकडे मराठीत वाचत होते, शाळेत पाढे म्हणावेत तसे. तीस झाले. चाळीस झाले.

डोक्यावरचा पंखा हळू झाला.

मला आधी कळलं, त्यांना नंतर. बॅटरीच्या डब्यानं बारीक शीळ सुरू केली, टीं, टीं.

"लाईट गेली," दादा म्हणाले.

"स्क्रीन चालू आहे?"

"हाय. पण पट्टी थांबली."

"किती?"

"शेहेचाळीस."

शीळ वाजत होती. माझा हात टेबलाच्या कडेला होता आणि दादांनी तो धरला. दंड नाही, हात. त्यांच्या तळव्याला घाम होता. मी मनात हिशेब करायचा प्रयत्न केला, की आता हे गेलं तर कुणाला काय सांगायचं, आणि एकही वाक्य जुळेना.

"हलली," ते म्हणाले. "सत्तेचाळीस. बाई, हलली. पन्नास!"

मग पट्टी भरभर गेली. शंभर झाल्यावर ते ओरडले, आणि लगेच घाबरून म्हणाले, "काळं झालं. समदं काळं झालं, बाई."

कॉम्प्युटरच्या आतला पंखा बंद पडल्याचं मला ऐकू आलं. परत सुरू झाला. परत बंद. ही शांतता मला कुणी आधी सांगितली नव्हती. बॅटरीची शीळ आता लवकर लवकर वाजत होती. पंखा पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी थांबला नाही.

विंडोजची सुरावट आली. मग माझा आवाज, लाह्या फुटल्यासारखा, "डेस्कटॉप" म्हणाला.

मी पटकन मशीन नीट बंद केलं, बॅटरी संपायच्या आत. मग मला रडू आलं. दादा उठले, बाहेर गेले आणि ओट्यावरून चुलत्यांना भोकरला फोन लावला. मला सगळं ऐकू येत होतं. "लाईट गेली मधीच. पण आमी बंद पडू दिलं न्हाई." त्यात खरं किती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मैत्रिणीचा फोन संध्याकाळी लागला. वर्गाच्या इमारतीतलं इंटरनेटच गेलं होतं म्हणे. ती इतकी घाबरली होती, की मी ठीक आहे म्हटल्यावर ती माझ्यावरच चिडली.

पुढच्या आठवड्यात दुकानदार आला आणि नवा प्रोसेसर बसवून गेला. माझ्या सांगण्यावरून त्यानं विंडोजला हात लावला नाही. मशीन सुरू होईपर्यंत मी पुन्हा कान लावून बसले, पण या वेळी आवाज पहिल्या झटक्यात आला. नवा प्रोग्राम चालू करून मी तोच झडपांचा धडा लावला. आवाज एकदाही अडकला नाही. पेशींचे पैसे मात्र अजून होतच होते.

काम राहिलं. मागे पडलेल्या नोट्स मी हळूहळू भरून काढल्या. मध्ये मैत्रीण सांगत होती, वर्ग पुन्हा प्रोग्राम बदलणार आहे, याहून जड येणार आहे, तुझं मशीन टिकेल का? मला माहीत नाही. बोर्डावर याच्या पुढचा प्रोसेसर बसत नाही, हे मी विचारून घेतलंय.

दादा आता गावाहून आले की कधी कधी खोलीत येऊन बसतात. विचारतात, "काय वाचून राहिलं ते?" मी सांगते, आज मूत्रपिंड, आज डोळा. ते हूं म्हणतात आणि बसून राहतात.