दुपारी एक ते चार बंद

"ती बाई नसती तर फोटो बरा होता."

सर हे मला म्हणाले नाहीत. माझ्या खुर्चीमागे उभं राहून, माझ्याच स्क्रीनकडे बघत, शेजारच्या केतकीला म्हणाले. आमच्या क्लासमध्ये असंच चालायचं... चूक माझी, ऐकायचं केतकीने. ती हसली. मी माउस उगाच हलवत राहिले.

पुढचं सांगण्याआधी एक स्पष्ट करते. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचत आले. घरातले लाइट गेले की फ्यूज बघायला जाणारी मी आहे, देवघराकडे धावणारी नाही. शिवाय शाळा इंग्लिश मीडियमची, मराठीत एवढं लांबलचक कधी लिहिलेलं नाही. पण हे घरी सांगून झालं, मैत्रिणींना सांगून झालं, आणि प्रत्येकाने "तुला झोप लागली असेल" एवढंच म्हटलं. मला झोप लागली नव्हती.

क्लास नारायण पेठेत. फोटो एडिटिंग आणि डिझाइनचा, तीन महिन्यांचा. जागा म्हणजे तळमजल्यावरचा एक लांबट गाळा... आठ कॉम्प्युटर, मागे भिंत, पुढे शटर. खिडकी नाही, दुसरं दार नाही. आत आल्यावर मोबाइल सरांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे, ड्रॉवरला कुलूप. बाहेर पाटी होती — 'दुपारी १ ते ४ क्लास बंद. शटर वाजवू नये. वाजवल्यास उघडले जाणार नाही.'

शेवटचा प्रोजेक्ट होता पर्यावरणावरचं पोस्टर. सगळ्यांनी नेटवरून वाळलेली झाडं आणि तडे गेलेली जमीन उतरवली. मी राहते वारज्याला, खडकवासला तिथून जवळ, म्हणून रविवारी कॅमेरा घेऊन धरणावर गेले. चौपाटीवर नेहमीसारखी गर्दी. भजी, कणसं, आणि काठच्या पाण्यात कागदी प्लेटा, बाटल्या, चिप्सची पाकिटं.

त्या पाण्यात एक बाई उतरली होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात गोणी, वाकून एकेक बाटली उचलत होती. मी पाच-सहा फोटो काढले. तिने पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार.

"काय गं, पेपरात छापती काय?"

"नाही... पोस्टर करतेय. कचऱ्याचं."

"पुण्याचीच ना तू? मग ह्येच पाणी पितीस की घरी." आणि स्वतःच मोठ्याने हसली.

तिचं नाव सुमन. काठावर तिची कणसाची गाडी होती. गिऱ्हाईक नसलं की ती पाण्यात उतरून कचरा काढायची. कोणी सांगितलं म्हणून नाही, पैसे मिळतात म्हणून नाही. "सून म्हणती, कणसं विका, लोकांचं उष्टं कशापायी उचलताय, चारचौघांत लाज वाटती. मी पोस्टरात आले तर तिला दाखवीन. येणार ना मी?"

मी मान डोलावली. पुढच्या रविवारी प्रिंट आणून देते म्हणाले. मी एवढं बोलले, हेच माझ्यासाठी खूप होतं.

तर आता सर मागे उभे.

"कॉम्पोझिशन म्हणजे काय, केतकी? नजर कुठे जाते ते. या फोटोत नजर जाते बाईकडे. ती कचरा उचलतेय. म्हणजे बघणाऱ्याला काय वाटतं? चला, कोणीतरी करतंय, आपण घरी जाऊ. पोस्टर फुकट." मग मला, "मॅडम, काढा तिला. क्लोन टूल शिकवलंय ना?"

सर चूक बोलत नव्हते, हीच अडचण. मी म्हणू शकले असते की सर, मी त्या बाईंना शब्द दिलाय. वाक्य मनात तयार होतं. केतकीला मी ते सांगितलं होतं, तिने कोपराने ढोसलं सुद्धा, "सांग ना त्यांना." पण मी "हो सर" म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लोन टूलने फोटोतला एक भाग उचलायचा आणि दुसऱ्या भागावर फासायचा. डावीकडचं पाणी उचललं, सुमनबाईंच्या पायांवर फासलं. मग गोणीवर. मग पाठीवर. चेहरा सगळ्यात शेवटी. त्या जागी एक हिरवी बाटली मात्र दोनदा उमटली, शेजारी शेजारी, जुळ्यांसारखी. आणि मूळ फोटोची कॉपी न करता मी त्यावरच काम केलं होतं, जे करायचं नाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात. सेव्ह केलं, फाइल बंद केली, तेव्हा लक्षात आलं. बाकीचे फोटो? हा एकच उतरवून घेऊन कार्ड मी आदल्या दिवशीच रिकामं केलं होतं. सुमनबाई आता कुठेच नव्हत्या.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक वाजले होते. केतकी साडेबारालाच गेली होती, तिची बहीण गाडी घेऊन आली म्हणून. तिचा फुलाफुलांचा सनकोट खुर्चीवरच राहिला होता.

फाइल परत मिळते का ते मी शोधत बसले. एक वाजता सर म्हणाले, "चला, पोटोबा." खुर्च्या सरकल्या, मोबाइल वाटले गेले.

"एक मिनिट, सर," मी म्हणाले.

सर माझ्या टेबलाशी आले. माझ्या कीबोर्डजवळचा एसीचा रिमोट उचलला. त्यांचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मला वाटलं, ऐकलंय. मग ते पुढे गेले, मेन स्विच बंद केला आणि शटर खाली आलं. कुलपाचा आवाज आला.

माझा मोबाइल ड्रॉवरमध्ये कुलपातच राहिला होता. पहिली दोन मिनिटं मी चक्क हसले. मग शटरपाशी जाऊन हाक मारली, "सर!" माझा आवाज मुळात लहान आहे, घरी पण सगळे "काय? काय?" करतात. म्हणून पुन्हा ओरडले. मग दोन्ही हातांनी शटर वाजवलं. आत केवढा आवाज घुमला! शटरखाली चार बोटांची फट होती. तिच्यातून ऊन येत होतं आणि रस्त्यावरचे पाय दिसत होते.

एका माणसाने अगदी समोर स्कूटर लावली. मी जमिनीवर आडवी पडले, फटीतून हात बाहेर काढला आणि ओरडले, "काका, मी आत अडकलेय! सरांना फोन करा!" त्याची चप्पल माझ्या बोटांना लागली असती इतकी जवळ. तो फोनवर बोलत होता... "हो, उभा आहे गं. नाही, इथे कोणी नाहीये. शुकशुकाट आहे."

मी शटर वाजवतच होते.

त्यानंतर मी आणखी तिघांना हाका मारल्या. एक बाई थांबली, मला वाटलं ऐकलं. तिने पाटी मोठ्याने वाचली, "वाजवल्यास उघडले जाणार नाही... वा!" म्हणाली आणि गेली. घशातून आवाज निघेना झाला तेव्हा मी भिंतीला टेकून बसले. गरम होत होतं. आत पंखा नाही, उजेड नाही. भीतीपेक्षा मला वेगळंच काहीतरी वाटत होतं, ते नीट सांगता येत नाही. मी आहे की नाही, हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं असं वाटत होतं. हातांच्या कडा लाल झाल्या होत्या, त्या मी बघत बसले. तेवढाच पुरावा.

बरोबर चारला शटर उघडलं. सर दचकून मागे सरकले.

"अहो! तुम्ही आत कशा आलात?"

"मी आतच होते."

"काय सांगता? मी रिमोट घेतला तेव्हा तुमची खुर्ची रिकामी होती. ड्रॉवरमध्ये एक मोबाइल उरला, म्हटलं कोणीतरी वेंधळं विसरून गेलं."

मी रडायला लागले. सरांना ते आवडलं नाही, पण ते घाबरलेही असावेत. "थांबा, सीसीटीव्ही कॅमेऱ्यात बघू," म्हणाले. कॅमेरा मेन स्विचवर चालतो, म्हणजे एकपर्यंतचं रेकॉर्डिंग होतं.

साडेबाराला मी दिसते. पाठमोरी, वाकलेली. पावणेएकपर्यंत दिसते. मग नाही. उठून जाताना वगैरे नाही, नुसतीच नाही. माझ्या जागी रिकामी खुर्ची आहे आणि तिच्यावर फुलाफुलांचा सनकोट आहे. शेजारच्या खुर्चीवरही तोच सनकोट, डावी बाही तशीच उलटी झालेली. केतकीकडे तसला एकच आहे. मी वळून पाहिलं... तो तिच्या खुर्चीवर होता. माझ्या खुर्चीवर माझी बॅग होती.

"चित्र अडकलं असेल," सर हळू म्हणाले. पण त्याच चित्रात भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता. बाकीची मुलं उठून जात होती. सर येऊन रिमोट उचलत होते, आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात नव्हता.

सरांनी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. "कॅमेरा जुना झालाय" याखेरीज ते त्यावर आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत. इंजिनिअर असलेल्या मामाला विचारलं, तो म्हणाला सॉफ्टवेअरचा घोळ. असेल. पण शटरबाहेरच्या माणसांमध्ये कुठलं सॉफ्टवेअर होतं? मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर खरंच सांगा.

पोस्टर मी दिलं नाही. रविवारी धरणावर गेले, हात रिकामे. वाटेत तीन खोट्या गोष्टी तयार केल्या... प्रिंटर बिघडला, फोटो हलला, पोस्टर निवडलंच नाही. सुमनबाईंनी लांबूनच ओळखलं आणि हात केला. गाडीपाशी एक तरुण मुलगी निखाऱ्याला वारा घालत उभी होती, मान वर न करता.

"ही सून. मुद्दाम आणली आज. म्हटलं, बघ तरी. आणलंस का गं चित्र?"

ती मुलगी आता माझ्याकडे बघत होती. मी एकदा पाण्याकडे पाहिलं. मग दोघींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"मावशी, तुम्ही होतात त्यात. मीच पुसलं तुम्हाला."