वाऱ्याच्या विजेचा बर्फ

इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी उलव्याला मुलीकडे होतो. तिच्या गॅलरीतून खाडी दिसते, आणि डोळे बारीक केले तर पलीकडे आमच्या गावच्या कबरस्तानातलं चिंचेचं झाडही दिसतं. फोनवर त्याचा मुलगा सलीम होता. "काका, अब्बा गेले... दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर नेणार," एवढंच बोलला. मी बरं म्हणालो, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर आज अमावास्या आहे. खाडीकाठच्या माणसाला हे पंचांगात बघावं लागत नाही. अमावास्येची भरती आमच्याकडे भर दुपारी चढते, आणि ती साधी भरती नसते, उधाण असतं. शाळेपासूनचा मित्र गेला होता आणि मी रडायचं सोडून, आज पाणी कुठवर येईल याचा विचार करत रिक्षा शोधत होतो.

व्हायचं तेच झालं. मी पोचलो तेव्हा कबर खणणारा घामाघूम होऊन बाजूला उभा होता आणि खड्ड्यात पाणी होतं. दुसऱ्या जागी खणलं, तिथेही खालून झिरपलं. त्याने बोट ओलं करून जिभेला लावलं आणि म्हणाला, "मास्तर, खारं हाय."  शेवटी इमामसाहेबांनी ठरवलं की ओहोटी लागेपर्यंत थांबायचं. मय्यत चिंचेखाली ठेवली आणि आम्ही सगळे खाली मान घालून पाणी उतरायची वाट बघत बसलो. याच पाण्याशी तो इतकी वर्षं भांडला होता, आणि त्याच्याच दिवशी त्याला ताटकळत ठेवायला ते आलं होतं. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा ते कळेना.

इक्बाल कोकणी मुसलमान, मी आगरी. त्याच्या वडिलांचं पनवेलच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान, माझ्या वडिलांची खारभूमीवर भातशेती. आमच्या लहानपणी उधाणाने बांधाला खांड पडली की कुणीतरी बांधावरून आवाज द्यायचा आणि घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन धावायचा. खांड कुणाच्या शेतासमोर आहे हे विचारायची पद्धत नव्हती. इक्बालच्या घरचा तर खारीत एक वाफाही नव्हता, तरी त्याचे अब्बा लुंगी खोचून चिखलात उभे राहायचे. माझ्या बापाने एकदा चेष्टेत विचारलं, "तुमचं काय बुडतंय हो, चाचा?" ते म्हणाले, "आमची माणसं निजलीत ना तिकडं." कबरस्तान बांधाला लागूनच होतं. पुढे तेही तिथेच निजले, अगदी खाडीकडच्या पहिल्या रांगेत.

इक्बाल आखातात गेला, तिथल्या वीजकेंद्रात वर्षानुवर्षं राबला आणि परत येऊन त्याने कोळीवाड्याजवळ बर्फाचा कारखाना टाकला. तोवर इकडचं सगळंच बदललं होतं. शेतं विकली गेली, बांध बघणारं कुणी उरलं नाही. भरतीचं पाणी अडवणारी काठावरची तिवराची झाडं लोकांनी सरपणाला तोडली, उरलेली डंपरच्या रस्त्यात गेली. समोरच्या काठावर भराव पडत गेला, तसं तिकडे पसरणारं पाणी आमच्याकडे घुसायला लागलं. त्या दिवसांत इक्बालला एक सवय लागली. प्रत्येक उधाणाला तो बांबूची काठी घेऊन कबरस्तानात जायचा आणि पाणी जिथे थांबेल तिथे ती रोवून यायचा. पुढच्या उधाणाला पाणी आत आलं, तर काठी उपटून आत. मग बाजारात भेटला की सांगायचा, "अब्बा अजून काठीच्या अलीकडे आहेत, कोरड्यात." मी चेष्टा करायचो, की दर्याला काठीने भिववणारा तू एकटाच. तो हसायचा, पण काठी चुकवायचा नाही.

आणि मग त्याने ते वाऱ्याच्या विजेचं काढलं. बर्फाचा कारखाना म्हणजे वीज पिणारा राक्षस, कॉम्प्रेसर अष्टौप्रहर चालू. मुंबईतली एक संस्था त्याला कुठून सापडली कोण जाणे. त्याचा कारखाना जेवढी वीज जाळेल, तेवढीच वीज साताऱ्याकडच्या पवनचक्क्यांनी ग्रिडमध्ये घातली आहे याचं प्रमाणपत्र ते देणार, आणि त्याबद्दल हा थोडा जास्त दर भरणार. एकदा त्याच्या नावावर लागलेलं युनिट दुसऱ्या कुणाला विकायचं नाही, आणि ते तपासायला तिसराच माणूस. या जास्तीच्या दरातला ठरलेला वाटा संस्था पर्यावरणाच्या कामाला घालायची. काम कुठलं हे गिऱ्हाइकाने सुचवायचं. इक्बालने सुचवलं, आमच्या खाडीवर तिवरं लावा.

मी भूगोलाचा मास्तर, मला शंका येणारच. म्हटलं, "अरे, तार तीच, खांब तोच. तुझ्या मोटरीत येणारी वीज कोळशाचीच असणार. तू पैसे वाऱ्याचे कशाला देतोस?"

"तार एकच आहे, कबूल," तो म्हणाला. "पण मास्तर, तुझे वडील बांधावर माती टाकायचे, ती काय स्वतःच्याच शेतापुढं पडायची? कुठंतरी पडायची, आणि बांध उभा राहायचा. मी माझ्या घरची माती टाकतोय. वाळवंटात गॅस जाळून जाळून पोट भरलं रे मी... आता घरटी एक माणूस म्हणून मला जाऊ दे." 

रोपं वाढली त्याच्याच कारखान्याच्या मागे, काळ्या पिशव्यांत. गावच्या बायका ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून ती लावायच्या. अर्धा काठ झाला. सगळी जगली नाहीत, पण जी धरली त्यांनी मुळं टाकली, गाळ अडवला, आणि त्या बाजूला काठी सलग दोन पावसाळे हलली नाही. मी त्याला इतका आनंदात कधी पाहिला नव्हता. त्या भरात त्याने कारखान्यावर पाटी लावली: 'आमची वीज वाऱ्याची'. बाकीचे बर्फवालेही बघून येतील, म्हणजे उरलेला अर्धा काठही होईल, असं त्याचं गणित. पण वाचली ती मासळीवाल्यांनी, आणि त्यांनी भलताच अर्थ लावला. पारूबाई मासळीवाली हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ती मला बाजारात भर गर्दीत म्हणाली, "मास्तर, वारा पडला की वीज पडनार, मग बरफ पोकल नाय व्हनार? आमचा म्हावरा सडंल, तो काय इक्बालशेट भरून देनार हाय?" एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. वाऱ्याच्या विजेचा बर्फ लवकर विरघळतो हे आठवड्याभरात कोळीवाड्यात ब्रह्मवाक्य झालं. त्याने दोन लाद्या, एक स्वतःची आणि एक दुसऱ्या कारखान्याची, बाजारात शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. दोन्ही सारख्याच विरघळल्या. बायका म्हणाल्या, आज वारा हाय.

पाटी उतरवली, तरी गिऱ्हाईक परत आलं नाही. सलीम म्हणायचा, ते प्रमाणपत्रही बंद करा, आधी धंदा जगवा. पोरगा वाईट नाही, त्याचंही खरं होतं. इक्बाल ऐकेना. तुम्हीही हा दर भरा म्हणून तो गेला, की बाकीचे बर्फवाले हात जोडून वाटेला लावायचे. मग तो नवीन पनवेलच्या सोसायट्यांचे जिने चढायला लागला. लिफ्टची, पंपाची तेवढी वीज वाऱ्याची घ्या म्हणून चिखलाने भरलेल्या चपला दाराबाहेर काढून विनवायचा. जिन्याच्या टाइल्सच्या रंगावर तासभर भांडणारी ती माणसं त्याला पाच मिनिटांत उठवायची. शेवटच्या वर्षात तो खंगत गेला. डॉक्टर हृदयाचं म्हणाले, ते असेलच.

त्याला शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकात नळी होती. मला बघून बसायला लागला, मी दाबून निजवलं. "मास्तर, उघडा अर्धा काठ राहिला," म्हणाला. "पाणी तिथनंच येणार... तू कुणाला तरी सांग. तुझं ऐकतील, तू शाळेत मारलंयस त्यांना." मी म्हटलं, सांगतो. त्याने माझं मनगट धरलं होतं, ते नर्स येईपर्यंत सोडलं नाही. मला त्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

सांगितलं मी. तो गेल्यावर सगळीकडे फिरलो. माझ्या हातच्या छड्या खाल्लेल्यांनी चहा पाजला आणि तेच विचारलं, "सर, तार तर तीच ना?" मी बांधाची गोष्ट सांगायचो. त्यांना बांध म्हणजे काय हेच सांगावं लागायचं. मध्यंतरी सलीमने कारखाना बंद केला, जागा बिल्डरला देणार आहे. मोटर बंद, म्हणजे वीज नाही, वीज नाही म्हणजे प्रमाणपत्र नाही, आणि काठाचा वाटाही नाही. एक शहाणा मला म्हणाला, कारखाना बंद पडला म्हणजे पर्यावरणाचं भलंच झालं की. मी त्याच्या घरातून उठून आलो. कारखान्यामागे उरलेली रोपं पिशव्यांतच वाळली आहेत. परवा पारूबाई तिथे फाटकाशी बसलेली दिसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरफ चांगला व्हता रं त्याचा. आमालाच नाय कललं." 

काठी मात्र आहे. त्या दिवशी ओहोटीनंतर आम्ही त्याला कसंबसं ओल्या मातीत ठेवलं, मूठ मूठ माती दिली, आणि निघताना ती मला दिसली. तेव्हापासून उधाणाला मी जातो. या पौर्णिमेलाही गेलो. लावलेल्या तिवरांच्या बाजूने पाणी काठावरच थबकलं होतं, उघड्या बाजूने मात्र सरळ आत आलं. पहिल्या रांगेतून चाचांच्या कबरीवरून गेलं, मग इक्बालच्या ओल्या मातीवरून, आणि त्याच्या उशापासून हातभर पुढे येऊन थांबलं.  बांधाकडे तोंड करून आवाज द्यावासा वाटला, पण घरटी एक माणूस म्हणून धावून येणारं घर आता कुठलं... मग काठी उपटली. नियम त्याचाच, पाणी थांबेल तिथे रोवायची. तिथे रोवली.

इक्बाल आता काठीच्या पलीकडे आहे.